संध्याकाळचा भरणा आणि लायब्ररीच्या आतला लॉग : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणात तीन पक्ष आहेत आणि तिन्ही इंदूरचे आहेत. पहिला पक्ष म्हणजे एक जुनी साख सहकारी संस्था. तिच्या सभासदांत मराठी कुटुंबे बरीच आहेत, आणि राजवाडा, सराफा व आसपासच्या बाजारांतील लहान दुकानदारांकडून दैनिक ठेवी गोळा करणे हे तिचे मुख्य काम आहे. दुसरा पक्ष या संस्थेला संगणकप्रणाली पुरवणारी विजयनगर भागातील कंपनी. तिला पुढे ‘पुरवठादार’ म्हटले आहे. तिसरा पक्ष पायथन या संगणकभाषेत एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रणालींत जोडून वापरायचा तयार कोड, लिहिणारा लहानसा गट. ही लायब्ररी बँकेच्या देयक-यंत्रणेशी जोडणी करून देते आणि खाते पडताळणे, रक्कम वर्ग करणे, व्यवहाराची स्थिती विचारणे ही कामे तिच्यामार्फत होतात. इंदूरबाहेरच्याही काही कंपन्या ती वापरतात. तिन्ही पक्षांची नावे गाळली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तांत्रिक घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. प्रस्तुत लेखकाचा संबंध आला तो सगळे निस्तरल्यानंतरच्या आढाव्यापुरता.

लायब्ररीचा गाभा म्हणजे तिचा कनेक्शन पूल. बँकेशी दर वेळी नवी जोडणी उघडणे महागात पडते, म्हणून काही जोडण्या उघड्या ठेवायच्या आणि मागेल त्या थ्रेडला (एकाच प्रक्रियेत समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्याला) त्या आळीपाळीने द्यायच्या, अशी ही व्यवस्था. कोणती जोडणी कोणाकडे आहे याचा हिशेब बिघडू नये म्हणून पूलला एक लॉक आहे; ते एका वेळी एकाच थ्रेडच्या हाती असते. पूलशिवाय टोकन (बँकेला ओळख पटवणारी गुप्त अक्षरमाला) ताजे करणारा, अयशस्वी विनंती पुन्हा पाठवणारा आणि बँकेचे उत्तर उलगडणारा असे आणखी अंतर्गत भाग आहेत. वापरकर्त्याला दिसणाऱ्या जाहीर फंक्शनांमधील प्रत्येक बदलाचे परीक्षण गटात काटेकोरपणे होत असे. आतल्या भागांतील लॉगच्या, म्हणजे चालू कामाची नोंद ठेवणाऱ्या, ओळी मात्र ज्याला जेव्हा जी हवी वाटली तेव्हा त्याने लिहिलेल्या होत्या, आणि परीक्षण करणाऱ्याची नजर त्यांच्यावरून घसरत पुढे जात असे. लॉग लिहिल्याने काही बिघडत नाही, हे गृहीतच होते.

समस्या

दैनिक ठेवी गोळा करणारे अभिकर्ते दुकाने बंद होण्याच्या सुमारास आपापला भरणा मोबाइलवरून चढवतात, त्यामुळे संस्थेच्या प्रणालीवर दिवसातला सर्वांत मोठा ताण रात्री आठ ते साडेनऊच्या दरम्यान येतो. लायब्ररीची नवी आवृत्ती बसवल्यानंतर काही दिवसांनी एका व्यवहाराची नोंद दोनदा झाल्याची तक्रार आली. तिचा माग काढण्यासाठी पुरवठादाराच्या अभियंत्याने लॉगची पातळी, म्हणजे किती बारीक नोंदी ठेवायच्या ते, ‘इन्फो’वरून सर्वांत तपशीलवार ‘डीबग’वर आणली, आणि त्याच रात्री प्रणाली अडकली. प्रक्रिया चालू होती, स्मृतीचा वापर वाढलेला नव्हता, प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता, कोणतीही चूक नोंदली गेली नव्हती. पण एकही विनंती पुढे सरकत नव्हती. प्रक्रिया जिवंत आहे की नाही एवढेच पाहणारी देखरेख सर्व काही ठीक असल्याचे सांगत राहिली. प्रक्रिया बंद करून पुन्हा सुरू केल्यावर काम चालू झाले आणि दुसऱ्या रात्री त्याच सुमारास पुन्हा थांबले.

पुरवठादाराचा पहिला संशय बँकेच्या यंत्रणेवर होता. लायब्ररी गटाचा संशय पुरवठादाराच्या सर्व्हरवर होता. या वादात जो वेळ गेला त्याबद्दल येथे अधिक लिहिण्याची गरज नाही. महत्त्वाचे एवढेच की, कारण शोधता यावे म्हणून पुरवठादाराने डीबग पातळी चालूच ठेवली आणि त्या दिवसांची लॉगची फाइल लायब्ररी गटातील ज्येष्ठ विकासक बाईंना व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यांनी ती उघडून वाचायला घेतली आणि लगेच फोन केला: “आधी हे सांगा, ही फाइल आणखी कोणाकोणाला पाठवली आहे? यात सभासदांचे खाते क्रमांक आणि मोबाइल क्रमांक उघडे दिसत आहेत, बँकेचे टोकनसुद्धा आहे.” अभियंत्याचे उत्तरही चुकीचे नव्हते: “मॅडम, या ओळी आम्ही लिहिलेल्या नाहीत. त्या आपल्या लायब्ररीतूनच येत आहेत.”

अशा रीतीने अडकण्याच्या शोधातून दुसरी, अधिक गंभीर समस्या हाती आली. पुढच्या तपासात तिसरीही सापडली आणि ती दिसायला सर्वांत किरकोळ होती. टोकन ताजे करणारा अंतर्गत भाग आयात होतानाच (प्रणालीत जोडला जातानाच) मानक लॉगिंग मॉड्यूलमधील ‘बेसिककॉन्फिग’ हे लॉगची प्राथमिक मांडणी करणारे फंक्शन बोलवत होता. कधीकाळी एखाद्या विकासकाने आपल्या चाचणीसाठी लिहिलेली ती ओळ तशीच राहून गेली होती. या फंक्शनचा नियम असा आहे की मूळ लॉगरला (नोंदी स्वीकारणाऱ्या भागाला) आधीच एखादा हँडलर (नोंदी प्रत्यक्ष लिहिणारा भाग) जोडलेला असेल तर ते काहीही न करता परत येते. लायब्ररी आधी आयात झाल्यामुळे पुरवठादाराच्या स्वतःच्या प्रणालीने नंतर केलेली मांडणी निमूटपणे वाया गेली होती. फाइल रिकामी का राहते हे न उमगल्याने अभियंत्याने हाताने एक फाइल-हँडलर जोडला होता आणि काम भागल्यामुळे विषय तिथेच सोडला होता. लायब्ररीने जोडलेला हँडलर मात्र तसाच राहिला, तो सगळ्या ओळी त्रुटी-प्रवाहावर लिहीत राहिला आणि सर्व्हरचा सिस्टिम जर्नल त्या टिपून घेत राहिला. म्हणजे उघडे खाते क्रमांक एका जागी नव्हे, तर दोन जागी साठत होते, आणि दुसऱ्या जागेची कोणालाच कल्पना नव्हती.

अडकण्याचे कारण

चालू प्रक्रियेला धक्का न लावता तिच्या सर्व थ्रेडचे कॉल-स्टॅक, म्हणजे प्रत्येक थ्रेड कोडमध्ये कोठे आहे ते, दाखवणारे ‘पाय-स्पाय’ हे साधन तिसऱ्या रात्री वापरले गेले आणि चित्र स्पष्ट झाले. बहुतेक थ्रेड लॉगिंगच्या हँडलरचे लॉक मिळण्याची वाट पाहत उभे होते. एका थ्रेडकडे ते लॉक होते, पण तो पूलच्या लॉकसाठी थांबला होता. दुसऱ्या एका थ्रेडकडे पूलचे लॉक होते आणि तो हँडलरच्या लॉकसाठी थांबला होता. दोघेही एकमेकांसाठी अडलेले, हा सरळ डेडलॉक होता.

हे कसे घडले ते समजण्यासाठी पायथनच्या लॉगिंगमधील एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. प्रत्येक हँडलरला स्वतःचे लॉक असते आणि नोंद लिहिण्याचे काम ते लॉक हातात ठेवून होते. संदेशात टक्क्याच्या खुणा ठेवून मूल्ये वेगळी दिली असतील, तर त्यांचे मजकुरात रूपांतर लॉगरला बोलावले त्या क्षणी होत नाही. ते नंतर, हँडलर नोंद मांडतो तेव्हा, म्हणजे त्याच लॉकच्या आत होते. एखादी वस्तू मूल्य म्हणून दिली असेल तर तिची ‘रेप्र’ ही स्वतःचे वर्णन देणारी पद्धत तेथे चालते. या लायब्ररीत जोडणी-वस्तूच्या रेप्रमध्ये पूलमधील शिल्लक जोडण्यांची संख्या दाखवली जात असे, आणि ती अचूक यावी म्हणून रेप्र पूलचे लॉक घेत असे. दुसरीकडे, जोडणी परत घेणारा पूलचा भाग आपले लॉक हातात असतानाच डीबगची एक ओळ लिहीत असे. दोन थ्रेड दोन लॉक उलट क्रमाने मागत होते. ताण कमी असताना ते एकाच क्षणी समोरासमोर येण्याचा संभव थोडा असतो. रात्री आठनंतर तो संभव प्रत्यक्षात आला.

आता खरा विचार करायला लावणारा भाग. आधीच्या आवृत्तीतही रेप्र तीच होती, पूलमधील ओळही तीच होती, मग डेडलॉक नव्या आवृत्तीतच का? आधी या ओळी एफ-स्ट्रिंगने, म्हणजे मूल्ये थेट मजकुरात गुंफण्याच्या पायथनच्या पद्धतीने, लिहिलेल्या होत्या. एफ-स्ट्रिंगमध्ये मजकूर लॉगरला बोलावण्याआधीच, हँडलरच्या लॉकबाहेर तयार होतो. त्यामुळे पूलचे लॉक घेतले जाई आणि सुटेही, आणि त्यानंतरच हँडलरचे लॉक मागितले जाई. नव्या आवृत्तीत एका तरुण विकासकाने पायलिंट या तपासणी-साधनाच्या सूचनेनुसार सर्व एफ-स्ट्रिंग काढून टक्क्याच्या खुणांची पद्धत आणली. ही सूचना योग्यच आहे. पातळी बंद असताना मजकूर तयार करण्याचा खर्च त्यामुळे वाचतो, आणि एखाद्या वस्तूची रेप्र फसली तरी ती चूक हँडलरच्या आत पकडली जाऊन मूळ काम चालू राहते; एफ-स्ट्रिंगमध्ये तीच चूक थेट व्यवहाराच्या कोडमध्ये उसळली असती. म्हणजे नियमाप्रमाणे केलेल्या सुधारणेने आधीपासून दडून असलेला दोष उघडा पाडला. त्या विकासकाला दोष देण्याचा प्रयत्न एका बैठकीत झाला. तो अन्यायाचा होता असे मला वाटते. लॉक घेणारी रेप्र हा मूळ रोग, आणि तो आधीपासून होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय पुरवठादाराने सुचवला. लायब्ररीच्या अंतर्गत भागांतून लॉग पूर्णपणे काढून टाकावा, म्हणजे ना अडकणे, ना गळती. लायब्ररी गटातही या मताचे लोक होते. पण पुन्हा प्रयत्न करणारा भाग किती वेळा आणि का प्रयत्न करतो, टोकन केव्हा बदलते, हे बाहेरून कधीच दिसत नाही. ज्या दुहेरी नोंदीच्या तक्रारीवरून हे सारे सुरू झाले तिचे उत्तर नेमके त्याच ओळींत होते: बँकेचे उत्तर उशिरा आल्यावर विनंती दुसऱ्यांदा पाठवली गेली होती. लॉग नसता तर ते कळले नसते. हा पर्याय बाजूला ठेवला गेला.

दुसरा पर्याय रांगेचा होता. पायथन ३.२ पासून ‘क्यूहँडलर’ उपलब्ध आहे. तो नोंदी रांगेत टाकतो आणि प्रत्यक्ष लेखन वेगळा थ्रेड करतो. लेखन वेगळे झाले की डेडलॉक संपेल, अशी पुरवठादाराच्या अभियंत्याची अपेक्षा होती, आणि चाचणी सर्व्हरवर त्याने तसे करूनही पाहिले. प्रणाली पुन्हा अडकली. क्यूहँडलर नोंद रांगेत टाकण्याआधी तिचा मजकूर तयार करतो, आणि तेही आपल्या लॉकच्या आत. फाइल लिहिण्याचा विलंब रांगेने टळतो, पण रेप्र जेथे चालायला नको तेथेच चालते. या प्रयोगाला वेळ लागला तरी तो उपयोगाचा ठरला, कारण दोष पुरवठादाराच्या मांडणीत नसून लायब्ररीच्या आत आहे, यावरचा वाद त्याने मिटवला.

तिसरा पर्याय संवेदनशील मजकूर झाकण्यासाठी होता, आणि त्याच्यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. लायब्ररीच्या सर्वांत वरच्या लॉगरला एक फिल्टर जोडावा, तो ठरावीक नमुन्यांचे आकडे शोधून फुल्या मारील, अशी कल्पना होती. तिच्यात दोन अडचणी निघाल्या. पहिली तांत्रिक. पायथनमध्ये लॉगरला जोडलेला फिल्टर त्याच लॉगरवर थेट आलेल्या नोंदींना लागू होतो. खालच्या लॉगरांकडून वर येणाऱ्या नोंदी त्या फिल्टरमधून जातच नाहीत. अंतर्गत भाग आपापल्या मॉड्यूलच्या नावाचे लॉगर वापरत होते, म्हणून वरच्या लॉगरचा फिल्टर त्यांच्या बाबतीत निरुपयोगी ठरला. फिल्टर हँडलरला जोडला तर तो चालतो, पण हँडलर हा यजमान प्रणालीचा, म्हणजे लायब्ररी वापरणाऱ्या प्रणालीचा, असतो. लायब्ररीने त्याला हात लावणे म्हणजे बेसिककॉन्फिगचाच कित्ता पुन्हा गिरवणे झाले असते.

दुसरी अडचण आशयाची होती आणि ती संगणकतज्ज्ञांना नव्हे, संस्थेच्या लेखापालांना दिसली. बारा अंकी संख्या म्हणजे आधार क्रमांक, असे मानून त्या झाकण्याचा नियम केला होता. पण युपीआय आणि आयएमपीएस व्यवहारांचा संदर्भ क्रमांकही बारा अंकीच असतो, आणि सभासद तक्रार घेऊन येतो तेव्हा त्याच्या हातात तोच क्रमांक असतो. फिल्टरने तो झाकून टाकला तर लॉग शोधायचा कशाने? उलट खाते क्रमांकांची लांबी बँकेप्रमाणे बदलते, त्यामुळे जे झाकायचे तेच काही वेळा उघडे राहते. नमुना ओळखून झाकण्याची पद्धत शेवटचे जाळे म्हणून ठीक आहे, तिच्यावर सारा भार टाकणे धोक्याचे आहे, या निष्कर्षावर दोन्ही बाजू आल्या.

चौथा पर्याय निवडला गेला: आतल्या भागांतील प्रत्येक लॉगची ओळ पुन्हा लिहायची, आणि काय झाकायचे याऐवजी काय लिहू द्यायचे याची यादी करायची. हा पर्याय सर्वांत कष्टाचा होता, आणि ज्येष्ठ विकासक बाईंनी तो आग्रहाने लावून धरला नसता तर तिसरा पर्याय मान्य झाला असता, हे आढाव्यात सर्वांनी मान्य केले.

तातडीची पावले

नवी आवृत्ती येईपर्यंत संस्थेचे काम थांबणे शक्य नव्हते. लॉगरांची नावे मॉड्यूलप्रमाणे श्रेणीबद्ध होती, ही येथे मोठी सोय ठरली. सर्वांत वरच्या नावाच्या लॉगरची पातळी ‘वॉर्निंग’ ठेवणारी एकच ओळ यजमान प्रणालीत घातल्याबरोबर आतल्या सर्व भागांचा डीबग बंद झाला आणि अडकणे थांबले. गळती मात्र पूर्ण थांबली नाही. टोकन विनंतीच्या पत्त्यातच (यूआरएलमध्येच) जोडलेले होते, आणि जोडणी फसली की अपवादाच्या, म्हणजे कोड चालताना उद्भवलेल्या चुकीच्या, संदेशात तो पूर्ण पत्ता येत असे. अपवादाची नोंद ‘एरर’ पातळीवर होते, तिला वॉर्निंगची चाळणी अडवत नाही. म्हणून त्याच दिवशी बँकेकडून टोकन बदलून घेतले गेले. ‘डीबग बंद आहे ना, मग काळजी नाही’ हा समज किती अपुरा आहे ते येथे दिसते.

जुन्या फाइलींचे काय करायचे, हा निर्णय तांत्रिक नव्हता. अभियंत्याचा पहिला विचार फाइली पुसून टाकण्याचा होता. पण भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संस्थांना आपल्या प्रणालींचे लॉग चालू १८० दिवसांसाठी सुरक्षित ठेवावे लागतात, आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. दुसऱ्या बाजूने २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात वाजवी सुरक्षा-उपाय न योजल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. पहिला दस्तऐवज लॉग ठेवायला सांगतो, दुसरा वैयक्तिक माहिती उघडी ठेवू नका म्हणतो. संस्थेच्या विधी सल्लागारांनी मार्ग काढला तो असा: मूळ फाइली कूटबद्ध करून वेगळ्या जागी हलवायच्या, त्यांची किल्ली संस्थेच्या दोनच पदाधिकाऱ्यांकडे ठेवायची, रोजच्या वापरासाठी खाते क्रमांक झाकलेली प्रत बनवायची, आणि मुदत संपल्यावर मूळ फाइली नोंद करून नष्ट करायच्या. घटना कळवायची की नाही हा निर्णयही त्यांनीच संस्थेच्या वतीने घेतला. पुरवठादाराने किंवा लायब्ररी गटाने तो परस्पर घेऊ नये, ही त्यांची भूमिका रास्त होती.

सर्वांत किचकट काम प्रती शोधण्याचे ठरले. मुख्य फाइल, सिस्टिम जर्नल, रात्रीची बॅकअप, व्हॉट्सॲपवरची फाइल, ती डाउनलोड झालेला लॅपटॉप आणि त्या लॅपटॉपची क्लाउडवरची आपोआप होणारी प्रत. यांतील जर्नलची आठवण सर्वांत शेवटी झाली.

लायब्ररीतील बदल

नव्या आवृत्तीतून बेसिककॉन्फिगची ओळ अर्थातच गेली. तिच्या जागी वरच्या लॉगरला फक्त ‘नलहँडलर’ हा काहीही न लिहिणारा हँडलर जोडला गेला. पायथनच्या अधिकृत मार्गदर्शनातही लायब्ररीने याखेरीज कोणताही हँडलर जोडू नये असेच सांगितले आहे. नोंदी कोठे जाव्यात, कोणत्या पातळीच्या जाव्यात, हे ठरवण्याचा अधिकार यजमान प्रणालीचा. म्हणून लायब्ररीने स्वतःची पातळी ठरवणारी ओळही काढून टाकली.

पूलमधील बदल अधिक नाजूक होता. रेप्रमधून लॉक काढले आणि तिला केवळ जोडणीचा ओळख-क्रमांक व निर्मितीची वेळ एवढेच सांगण्याची मुभा ठेवली, कारण या दोन्ही गोष्टी जोडणी तयार झाल्यावर कधी बदलत नाहीत. पूलचे लॉक हातात असताना लॉगर बोलवायचा नाही, हा नियम ठरला. लॉकच्या आत हवी ती मूल्ये साध्या संख्यांच्या रूपात टिपून घ्यायची, लॉक सोडायचे आणि मग नोंद करायची. याचा एक तोटा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही: दोन थ्रेडांच्या नोंदींचा लॉगमधला क्रम आता प्रत्यक्ष घटनांच्या क्रमाशी नेहमीच जुळेल असे नाही. म्हणून लॉकच्या आतच एक वाढता अनुक्रमांक घेऊन तो प्रत्येक नोंदीत देण्यात आला.

विनंती आणि उत्तर यांचा संपूर्ण मजकूर लॉगमध्ये देणे बंद झाले. त्याऐवजी परवानगी असलेल्या बाबींची छोटी यादी आहे: व्यवहार संदर्भ क्रमांक, विनंतीचा प्रकार, उत्तराचा संकेतांक, लागलेला वेळ, कितवा प्रयत्न आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक. टोकन आता साधी अक्षरमाला राहिले नाही. ते एका वेगळ्या वस्तूत ठेवले असून तिची रेप्र फक्त फुल्या देते आणि खरे मूल्य मिळवण्यासाठी मुद्दाम वेगळी पद्धत बोलवावी लागते. टोकन पत्त्यातून काढून विनंतीसोबत वेगळ्या जाणाऱ्या हेडरमध्ये नेले. सभासदाच्या नावासारखा बाहेरून आलेला मजकूर लॉगमध्ये नेताना त्यातील नव्या ओळीची चिन्हे निष्प्रभ केली जातात, नाहीतर कोणीही नावाच्या रकान्यात खोटी नोंद घुसवू शकला असता.

अपवादांच्या बाबतीत गटात मतभेद झाले. खालच्या थरातून आलेला अपवाद पकडून त्याजागी स्वच्छ संदेशाचा नवा अपवाद फेकायचा, यावर एकमत होते. पण पायथन मूळ अपवाद नव्याला जोडून ठेवतो आणि छापताना दोन्ही छापतो. मूळ अपवाद छापण्यातून वगळण्याची सोय आहे; तरी तो वस्तूला चिकटलेलाच राहतो, आणि काही देखरेख-साधने तो शोधून काढून नोंदवतात. शेवटी खालच्या थराला पत्ता देण्याच्या टप्प्यावरच त्यात काही गुप्त राहणार नाही अशी खबरदारी घेणे हेच खरे, असे ठरले.

चाचण्या तीन प्रकारच्या लिहिल्या गेल्या, आणि मला हा या कामाचा सर्वांत टिकाऊ भाग वाटतो. पहिलीत लायब्ररी आयात करण्यापूर्वी व नंतर मूळ लॉगरचे हँडलर आणि पातळी ताडून पाहतात. दुसरीत टोकन, खाते क्रमांक आणि मोबाइल यांच्या जागी ओळखता येतील अशी बनावट मूल्ये घालून, डीबग पातळीवर सर्व यशस्वी आणि फसलेले मार्ग चालवतात व जमा झालेल्या एकूण लॉगमध्ये ती मूल्ये कोठेही सापडली तर चाचणी नापास होते. तिसरी चाचणी डेडलॉकसाठी आहे: एक खास हँडलर प्रत्येक नोंद लिहिताना दुसऱ्या थ्रेडकरवी पूलचे लॉक थोड्या मुदतीत मिळते का ते पाहतो. कोणी लॉक हातात धरून लॉगर बोलावला असेल तर लॉक मिळत नाही आणि चूक त्याच ओळीवर पकडली जाते. संध्याकाळच्या ताणाची वाट पाहावी लागत नाही.

परिणाम

नवी आवृत्ती बसवल्यावर पुरवठादाराने मुद्दाम काही रात्री डीबग पातळी चालू ठेवली आणि प्रणाली अडकली नाही. लॉगच्या फाइलींचा आकार बराच कमी झाला. दुहेरी नोंदीचा मूळ दोषही दूर झाला: स्थिती विचारल्याशिवाय रक्कम वर्ग करण्याची विनंती पुन्हा पाठवायची नाही, असा बदल पुन्हा प्रयत्न करणाऱ्या भागात केला गेला.

सर्वच बाबतीत लाभ झाला असे मात्र नाही. पुढे बँकेने आपल्या उत्तराच्या रचनेत न कळवता एक बदल केला, तेव्हा संपूर्ण उत्तर लॉगमध्ये नसल्याने कारण शोधायला आधीपेक्षा जास्त वेळ लागला. त्यावरून संपूर्ण मजकूर नोंदवण्याची सोय परत आणावी अशी मागणी आली. लायब्ररी गटाने ती लॉगमध्ये आणली नाही. त्याऐवजी यजमान प्रणालीला हवे असल्यास उत्तराचा मजकूर तिच्याच फंक्शनकडे सोपवणारी जागा लायब्ररीत ठेवली. तो मजकूर कोठे, किती काळ ठेवायचा याची जबाबदारी मग उघडपणे यजमानाची होते.

आणखी एक अनपेक्षित गोष्ट. लायब्ररीच्या दुसऱ्या एका ग्राहकाकडे नव्या आवृत्तीनंतर तिच्या नोंदी येणेच बंद झाले. त्यांची प्रणाली लॉगिंगची मांडणी ‘डिक्टकॉन्फिग’ने करत होती, आणि त्यात आधीपासून असलेले लॉगर बंद करण्याची निवड मुद्दाम नाकारली नाही तर ती लागूच असते. टोकन बदलण्याच्या इशाऱ्यांपर्यंत सारेच गप्प झाले होते. आधी पातळी ठरवणारी ओळ आणि लायब्ररीचा स्वतःचा हँडलर यांच्या गोंधळात नेमके काय चालू आहे आणि काय बंद, हे त्या ग्राहकाने कधी तपासलेच नव्हते.

वेगळे काय करता आले असते

निर्णयाचे पहिले वळण डीबग चालू करण्याचे होते. पुरवठादाराने सगळ्या प्रणालीची पातळी खाली आणली. केवळ पुन्हा प्रयत्न करणाऱ्या भागाच्या लॉगरची आणली असती तर दुहेरी नोंदीचे उत्तर मिळाले असते, आणि पूल व विनंतीचा मजकूर दोन्ही बंद राहिले असते. त्यासाठी लॉगरांची नावे आणि प्रत्येकात काय येते हे लायब्ररीच्या माहितीपत्रकात लिहिलेले असायला हवे होते. आता ते आहे, आणि नाव बदलायचे झाल्यास तो जाहीर फंक्शन बदलण्याइतकाच मोठा बदल मानला जातो.

दुसरे वळण पायलिंटच्या सूचनेप्रमाणे केलेल्या दुरुस्तीचे. ती ‘केवळ रूप बदलणारी’ म्हणून परीक्षणातून झपाट्याने गेली. मजकूर कोणत्या क्षणी आणि कोणत्या लॉकच्या आत तयार होतो हेच तिने बदलले होते, पण ते पाहायचे असते याची जाणीव परीक्षकाला नव्हती. लॉगच्या ओळीकडे निरुपद्रवी टिपण म्हणून पाहण्याची सवय व्यापक आहे आणि मोठ्यांनाही ती महागात पडलेली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या लॉगफोरजे या जावा भाषेतील लॉगिंग लायब्ररीच्या दोषात (जाहीर दोष-यादीतील क्रमांक सीव्हीई-२०२१-४४२२८) नुसता नोंदवलेला मजकूर दूरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवू शकत होता. मे २०१८ मध्ये ट्विटरने सर्व वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा विचार करायला सांगितले, कारण पासवर्ड हॅश होण्यापूर्वीच, म्हणजे मूळ रूप परत न मिळणाऱ्या अक्षरमालेत बदलण्यापूर्वीच, एका अंतर्गत लॉगमध्ये जसेच्या तसे लिहिले जात होते.

तिसरी बाब देखरेखीची. प्रक्रिया जिवंत आहे एवढे पाहून भागत नाही. एखादी खरी, निरुपद्रवी विनंती पूलमधून ठरावीक वेळेत जाऊन येते का, हे पाहिले असते तर पहिल्याच रात्री अभिकर्त्यांच्या फोनआधी पुरवठादाराला कळले असते. ही सुधारणा झाली आहे. लॉगची फाइल मदतीसाठी पाठवायची झाल्यास ती कोणत्या मार्गाने पाठवायची, याचा लेखी नियमही पुरवठादाराने आणि लायब्ररी गटाने केला आहे.

लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीवर अजूनही काही ग्राहक आहेत आणि त्यांना लगेच बदल करणे शक्य नाही. त्यांच्यासाठी लायब्ररी गटाने जुन्या शाखेत तीनच दुरुस्त्या केल्या: बेसिककॉन्फिग काढले, रेप्रमधील लॉक काढले आणि टोकन पत्त्याबाहेर नेले. विनंतीच्या मजकुराच्या ओळी तेथे तशाच आहेत, कारण त्या काढल्या तर त्यांच्यावर अवलंबून असलेली एका ग्राहकाची ताळमेळाची स्क्रिप्ट बंद पडते. त्या ग्राहकाशी चर्चा चालू आहे, आणि तोवर जुन्या शाखेत डीबग पातळी सुरू केल्यास लायब्ररी पहिल्याच नोंदीत तसा इशारा देते.